तासिकेवरचा समन्वयक

प्राचार्यांनी "बसा" म्हटलं तेव्हाच भरतेश मगदूमने ओळखलं, काहीतरी अंगावर येणार.

गेली नऊ वर्षं तो इस्लामपूरजवळच्या या कॉलेजात भूगोल शिकवत होता आणि या नऊ वर्षांत प्राचार्यांच्या केबिनमधली ती खुर्ची त्याने फक्त उभ्याने पाहिली होती. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला बसायला सांगायचा प्रघात कॉलेजात नव्हता, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू होता असंही नाही. तो येतो, तास घेतो, मस्टरवर सही करतो आणि जातो. त्याला बसवायचं कधी? घंटा वाजली की तो प्राध्यापक होत असे आणि पुढची घंटा वाजली की पुन्हा आदगोंडा मगदूमांचा थोरला मुलगा. मधल्या काळात तो नेमका कोण असतो, हे आजवर कुठल्याही परिपत्रकात आलेलं नव्हतं.

"मगदूम सर," प्राचार्य म्हणाले. 'सर' ऐकून भरतेशची खात्रीच झाली. "आपल्याकडं तासिकेवर किती जण आहेत?"

"अकरा, सर. माझ्यासकट."

"त्यांच्या व्यावसायिक विकासासाठी कॉलेजनं गेल्या पाच वर्षांत काय काय केलं?"

भरतेशने मनापासून आठवून पाहिलं. "स्टाफरूममधल्या आमच्या कोपऱ्यातला पंखा दुरुस्त केला होता, सर."

प्राचार्यांनी समोरच्या फॉर्मकडे पाहिलं. पंखा लिहावा की काय, असा विचार क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला. मूल्यांकन समिती दोन महिन्यांनी येणार होती. मागच्या खेपेला या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं आणि समितीने त्या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. आता एक दिवसाची का होईना, कार्यशाळा व्हायलाच हवी होती. कायम प्राध्यापकांना विचारून झालं होतं. एकाचा रक्तदाब वाढलेला होता, एकाच्या मुलीचं लग्न होतं, आणि उरलेल्यांना कार्यशाळेचा विषय ऐकूनच रक्तदाब आणि लग्नं सुचू लागली होती.

"कार्यशाळा तुमच्यासाठीच आहे," प्राचार्य म्हणाले, "मग तुमच्याइतकी कळकळ दुसऱ्या कुणाला असणार? समन्वयक तुम्ही."

दुसरा कुणी असता तर त्याने आईचं आजारपण काढलं असतं. पण भरतेशने चहा यायच्या आतच "हो सर" म्हणून टाकलं, आणि त्याला तसंच कारण होतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात भूगोलाची जागा निघाली होती. कायम जागा! अशी जागा निघणं म्हणजे काय, हे नऊ वर्षं तासिकेवर काढल्याशिवाय कळायचं नाही. सगळी कागदपत्रं त्याच्याकडे होती, फक्त एक सोडून. चालू वर्षातलं एखाद्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं, अशी त्या संस्थेची अट होती. प्रशिक्षणं होत नव्हती असं नाही. पण ती तासांच्या दिवशी होत, कायम माणसं कर्तव्यरजा टाकून तिकडे जात आणि त्यांचे तास भरतेश घेत असे. भूगोल विभागातल्या इतरांचा इतका व्यावसायिक विकास त्याच्या जिवावर झाला होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटायचं.

अर्जाची शेवटची तारीख सोमवार, संध्याकाळी पाच. कार्यशाळा त्याच्या आदल्या शनिवारी. प्रमाणपत्र शनिवारी हातात पडलं की सोमवारी अर्ज साताऱ्यात, असा सरळ हिशोब होता.

घरी बातमी सांगितली तेव्हा ब्राह्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोळी लाटता लाटता एकच प्रश्न विचारला. "पण तुम्हाला मिळणार ना सर्टिफिकेट?"

"मीच वाटणार आहे, मग मला कसं मिळणार नाही?" तो हसून म्हणाला. पुढचे दहा दिवस त्याला हे हसणं वरचेवर आठवत राहिलं.

त्याचे वडील आदगोंडा मगदूम उसाला पाणी पाजून नुकतेच आले होते. त्यांना मूळ कल्पनाच पटली नाही. "शिकिवणाऱ्यास्नी शिकिवणार? मग नऊ वर्सं तू काय करत हुतास रं?"

"अप्पा, ते कौशल्य वाढवायसाठी असतंय."

"मग आधीच वाढवायचं. बी टाकल्यावर नांगरट करत्यात व्हय?"

तेवढ्यात शेजारचे सुभेदार मानसिंग मोहिते कुंपणावरून डोकावले. सुभेदारांना फौजेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. कार्यशाळा म्हणजे लष्करातला कॅडर कोर्स, हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आलं. "मगदूम सर, पैले नॉमिनल रोल बनवा. कोण आला, कोण न्हाई. बाकी सब बाद में. आणि शिट्टी पायजे. शिट्टीबिगर कोर्स म्हंजे नुसती जत्रा. मी येतो, काळजी सोडा." त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण?

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. कॉलेजच्या मंजूर बाबींत चहा होता, जेवण नव्हतं. त्यावर भरतेशच्या आईने, चंदनबालाबाईंनी, दहा मास्तरांचा स्वयंपाक घरीच करायचं जाहीर केलं. घर जैनांचं, तेव्हा अर्थात कांदा, लसूण, बटाटा नाही. "मास्तर लोक हायती, एक दिवस बटाट्याबिगर जगतील की," त्या म्हणाल्या. इथवर सगळं सुरळीत होतं. मग भरतेश ऑफिसात गेला.

कॉलेजचा हेडक्लार्क ज्योतिबा कुंभार हा अत्यंत सज्जन माणूस. त्याने आयुष्यात कुणाचा कागद अडवला नाही. कागद आपोआपच त्याच्यापाशी येऊन अडत. भरतेशने कार्यशाळेचं टिपण पुढे ठेवलं. ज्योतिबाने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तासिकेचं मस्टर उघडलं.

"सर, ह्यात रकाने बघा. तारीख, वर्ग, विषय, हजर विद्यार्थी, सही. कार्यशाळेचा रकाना हाय का?"

"नाही."

"मग त्या दिवशी तुमी अकरा जण हजर कसं लागायचं?"

"कर्तव्यरजा..."

"रजा कायम मान्साला. तुमास्नी रजाच न्हाई, तर कर्तव्याची कुठनं देऊ? तास घेतला तर तुमी कॉलेजात हाय. न्हाई घेतला तर न्हाई. मग जो माणूस कॉलेजात न्हाईच, तो कॉलेजातल्या कार्यशाळेला आला कसा?" ज्योतिबाच्या आवाजात कुरापत काढल्याचा भाव अजिबात नव्हता. त्यालाही हे कोडं खरोखर पडलं होतं. "आणि मस्टरला हजेरी न्हाई, तर प्रमाणपत्र देता येत न्हाई. तसं पत्रच हाय."

"मग मला समन्वयकाचं पत्र तरी द्या. त्याच्या आधारानं काहीतरी करतो."

"देतो की. तुमची ह्या वर्साची नेमणुकीची ऑर्डर द्या. तिचा जावक नंबर टाकल्याबिगर तुमच्या नावानं पत्र निघत न्हाई."

ऑर्डर आलेली नव्हती. ती दर वर्षी अशीच येत नसे. जुलैपासून तास सुरू होत, ऑर्डर संस्थेच्या सांगलीच्या कार्यालयातून सावकाश निघे. एके वर्षी ती परीक्षा संपल्यावर आली होती आणि तिच्यात 'त्वरित रुजू व्हावे' असं लिहिलेलं होतं.

भरतेश मोटरसायकल काढून सांगलीला गेला. संस्थेच्या कार्यालयात तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याला आदराने वागवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही शिकवताय ना जुलैपासून?"

"हो."

"कुणी अडवलं का?"

"नाही."

"मग ऑर्डरची एवढी घाई कशाला?"

परत येताना त्याला एकाएकी फार एकटं वाटलं. ज्या कार्यशाळेचा तो समन्वयक होता तिथे समन्वयक म्हणून तो कागदावर नव्हता, प्रशिक्षणार्थी म्हणून मस्टरवर नव्हता, आणि मंडपाच्या खुर्च्या मात्र त्याच्या नावावर बुक झाल्या होत्या. सोमवारच्या पाच वाजण्याला आता सहाच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या त्या पंख्याखाली त्याने ही सगळी कर्मकहाणी विजयमाला मॅडमना सांगितली. विजयमाला जगदाळे मूळच्या औंधच्या, मराठी शिकवत, आणि तासिकेवर त्यांना चौदावं वर्ष चालू होतं. कॉलेजने त्यांच्या कारकिर्दीत तीन प्राचार्य पाहिले होते. त्यांनीही पाहिले होते, पण उभ्यानेच. त्यांनी डबा बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, "मगदूम सर, मस्टरला तासच कळतोय ना? मग कार्यशाळेचे तास करू. दिवसाचे सहा तास. एका तासाला दोन प्राध्यापक, संयुक्त तास. म्हणजे आपण अकरा आणि बारावे साताऱ्याहून येणारे तज्ज्ञ. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी मागं बसून बघायचं. सगळ्यांच्या सह्या होतात."

भरतेश त्यांना नमस्कारच करणार होता. तो धावत ऑफिसात गेला. ज्योतिबाने बराच वेळ मस्टरकडे पाहिलं. मग त्याचाही चेहरा उजळला, कारण कोडं सुटल्याचा आनंद त्यालाही झाला होता. "बसतंय सर! एकदम बसतंय. फकस्त चौथा रकाना तेवढा भरा."

चौथा रकाना होता 'हजर विद्यार्थी'.

"विद्यार्थी असतील तर तास," ज्योतिबा म्हणाला. "नसतील तर गप्पा."

आता अकरा प्राध्यापकांच्या व्यावसायिक विकासासाठी विद्यार्थी गोळा करणं आलं, आणि तेही शनिवारी. भरतेशने तीन वर्गांत जाऊन आवाहन केलं. पोरं नुसती बघत राहिली. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, जेवण हाय का?" सकाळपासूनच्या दगदगीत भरतेशच्या तोंडून "आहे" असं निघून गेलं.

शनिवारी चौऱ्याऐंशी जण आले.

सकाळी आठला सुभेदार मोहिते कोट घालून, छातीवर पदकं लावून आणि गळ्यात शिट्टी अडकवून फाटकात हजर होते. त्यांनी चौऱ्याऐंशी पोरांना तीन रांगांत उभं केलं, मोजलं, दोघांना शर्ट खोचायला लावला आणि सभागृहात नेऊन बसवलं. मग त्यांनी प्राध्यापकांचीही रांग लावली. विजयमाला मॅडमसुद्धा मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या. भरतेशने घरी फोन केला. "आई, दहाचे चौऱ्याण्णव झाले." पलीकडे आधी तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग चंदनबालाबाई म्हणाल्या, "भात आणि आमटी. दुसरं काय हुणार न्हाई. आणि गल्लीतल्या सगळ्यांचं कुकर लागतील." तसे ते लागलेही.

नऊला उद्घाटनाचा तास. तो तज्ज्ञांचा, भरतेशने फक्त परिचय करून द्यायचा. नऊला पाच मिनिटं असताना तज्ज्ञांचा, डॉ. रणनवरे यांचा फोन आला. त्यांची गाडी उंब्रजला बंद पडली होती. "क्लच गेलाय म्हणतोय मेकॅनिक. येतो मी, पण तुम्ही सुरू करा."

समोर चौऱ्याऐंशी विद्यार्थी. मागच्या रांगेत दहा सहकारी, वही-पेन घेऊन. दारात शिट्टी. भरतेशने खडू उचलला आणि त्याला सगळ्यात चांगला येतो असा त्याचा समज होता तो धडा काढला: समोच्च रेषा. नकाशावर डोंगर कसा दाखवतात, सारख्या उंचीची ठिकाणं जोडून त्या वळ्यावळ्यांच्या रेघा कशा काढतात. नऊ वर्षं तो हा धडा शिकवत होता. फळाभर त्याने अशा सुरेख रेघा काढल्या की त्याचं त्यालाच बरं वाटलं.

विजयमाला मॅडमनी ठरवून ठेवलं होतं की प्रत्येक तासानंतर पोरांना एकच विचारायचं: कुठं कळेनासं झालं? त्यांनी तसं विचारलं. मग पहिल्या वर्षाची सृष्टी नावाची एक मुलगी उभी राहिली, आधी सुभेदारांकडे आणि मग भरतेशकडे बघत म्हणाली, "सर, राग मानू नका. तुमी फळ्याला लय चांगलं शिकवता. आमच्याकडं बघतच न्हाई."

सभागृहात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरं मान हलवत होती. मागच्या रांगेतून विजयमाला मॅडमनीही अगदी मायेने दुजोरा दिला, "व्हय सर, खरं हाय ते. मीही बाहेरनं जाताना कायम तुमची पाठच बघितलीय."

नऊ वर्षं! दुसऱ्याच्या तासांत, दुसऱ्याच्या रजेत, मान मोडून शिकवायचं आणि शेवटी काय, तर पाठ! भरतेश मागच्या रांगेत जाऊन बसला. मग एकेक जण पुढे जाऊ लागला. इतिहासाचे सर फार भरभर बोलतात असं निघालं. अर्थशास्त्राच्या मॅडम प्रश्न विचारतात आणि उत्तरही आपणच देतात असं निघालं. विजयमाला मॅडम शिकवताना डोळे मिटतात, त्यामुळे पुढच्या बाकावरच्यांना त्या आजारी आहेत असं वाटतं, हेही निघालं. त्या यावर इतक्या मोठ्याने हसल्या की भरतेशला थोडं हलकं वाटलं. दर तासाला सुभेदार शिट्टी मारत आणि सगळे खडबडून बसत. इतकं सगळं होऊनही त्या पंख्याखालच्या कोपऱ्यात गेल्या नऊ वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते होत होतं: शिकवण्याबद्दल कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं.

बाराला पंगत बसली. भात आणि आमटी एवढंच, पण गल्लीतल्या नऊ घरांची आमटी असल्यामुळे प्रत्येक वाढपाला चव वेगळी होती. भरतेश कमरेला टॉवेल बांधून वाढत होता. सृष्टीच्या ताटात भाताचा ढीग पडला, त्याच्या कडेने त्याने आमटी वाढली, आणि त्याचा हात थांबला.

"सृष्टी, ही आमटी भाताला कुठवर टेकलीय? बोटानं दाखव."

तिने भाताच्या ढिगाभोवती बोट फिरवलं. एक वळं झालं. भरतेशने आणखी एक पळी ओतली. आमटी वर चढली, वळं लहान झालं. आणखी एक पळी, आणखी लहान वळं.

"अगं बाई," सृष्टी म्हणाली. "ह्या त्याच रेघा की! उभा चढ असंल तिथं जवळ जवळ पडत्यात."

शेजारच्या पोरांनी आपापली ताटं पुढे केली. पाच मिनिटांत अख्खी पंगत ताटात डोंगर रचून त्याला आमटीच्या रेघा आखत होती. कुणी खिंड काढली, कुणी पठार केलं. इतिहासाच्या सरांनी चक्क सज्जनगड केला. भरतेश आमटीची बादली घेऊन एका ताटाकडून दुसऱ्या ताटाकडे पळत होता, आणि इथे फळा नसल्यामुळे त्याला पोरांच्या तोंडाकडेच बघावं लागत होतं. ती तोंडं अशी दिसतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला फार म्हणजे फार आनंद झाला. आमटी मात्र दुसऱ्या वाढपाला पुरली नाही.

डॉ. रणनवरे साडेतीनला आले, एका टेम्पोत पुढे बसून. त्यांनी वीस मिनिटं चांगलं भाषण केलं, उरलेला भात गोड मानून खाल्ला आणि प्रमाणपत्रांवर सह्या करायला बसले. प्राचार्यही आले. एक, दोन, तीन, दहा. दहा प्रमाणपत्रं झाली आणि गठ्ठा संपला.

"माझं?" भरतेश म्हणाला.

"तुम्हाला आभारपत्र आहे की," प्राचार्य म्हणाले. "समन्वयकाला सहभागाचं प्रमाणपत्र देत नाहीत, मगदूम सर. वाढपी पंगतीत बसतो का कधी?"

भरतेशच्या कमरेला टॉवेल अजून तसाच होता. त्याला ब्राह्मीचा पोळी लाटतानाचा प्रश्न आठवला. आभारपत्राने साताऱ्याच्या अर्जात काही होणार नव्हतं. अख्खी कार्यशाळा त्याने उभी केली आणि शेवटी तोच तेवढा प्रशिक्षणाशिवाय राहिला. त्याला वाटलं आता रडू येणार, आणि तेही सुभेदारांसमोर. विजयमाला मॅडमनी आपलं प्रमाणपत्र टेबलावर परत ठेवलं. "सरांना नसेल तर मलाही नको."

कोपऱ्यात मस्टर घेऊन बसलेला ज्योतिबा पुढे आला. "साहेब, मगदूम सर समन्वयक हायती, त्याचं पत्र दाखवा."

"तुम्हीच काढलं असेल ना?"

"न्हाई काढलं. ऑर्डर न्हाई, म्हणून जावक नंबर न्हाई, म्हणून पत्र न्हाई." ज्योतिबाने मस्टर उलटं करून प्राचार्यांपुढे सरकवलं. "पत्र न्हाई म्हंजे समन्वयक न्हाई. आता हिकडं बघा. पयला तास, समोच्च रेषा, हजर विद्यार्थी चौऱ्याऐंशी, सही मगदूम. बाकीच्या पाच तासांस्नी निरीक्षक म्हणून सही मगदूम. हा माणूस दिवसभर प्रशिक्षण घेत हुता साहेब. ह्याला प्रमाणपत्र न्हाई दिलं तर माझं मस्टर खोटं पडतंय."

ज्योतिबाचं मस्टर खोटं पडणं ही कॉलेजच्या इतिहासात न घडलेली गोष्ट होती. प्राचार्यांनी आणखी एक कोरं प्रमाणपत्र मागवलं. डॉ. रणनवऱ्यांनी पेन उघडलं.

"पण मग समन्वयक कोण?" प्राचार्यांनी विचारलं. "समितीला काय सांगायचं?"

"पत्राबिगर ज्याला नेमता येतं असा कॉलेजात एकच माणूस हाय," ज्योतिबा अदबीने म्हणाला. "आपणच की साहेब. आणि अहवाल समन्वयकानं लिवायचा असतोय. फोटोसकट साठ पानं."

भरतेशने अकरावं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं. शाई वाळेपर्यंत तो त्याच्यावर फुंकर घालत उभा राहिला. सुभेदारांनी कुणी न सांगता लांबलचक शिट्टी मारली आणि कोर्स संपला. ज्योतिबाला त्या क्षणी मिठी मारावी असं भरतेशला वाटत होतं, पण ज्योतिबाने मस्टर बंद करून कपाटाला कुलूप घातलं आणि तो निघून गेला.

सोमवारी दुपारी तीनला अर्ज साताऱ्यात पोचला. घरी येऊन भरतेश सरळ आडवा झाला आणि गेल्या दहा दिवसांतली पहिली निवांत झोप झोपला. पुढे मुलाखतीचं बोलावणं आलं, तिथे पाच जणांची समिती होती. प्रमाणपत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, काहीतरी शिकवून दाखवा. भरतेश सवयीने फळ्याकडे वळला, थबकला, पुन्हा समितीकडे वळला आणि म्हणाला, "समजा, तुमच्या ताटात भात आहे..."

साताऱ्याला रुजू होऊन त्याला चारच महिने झाले होते, तेव्हा तिथल्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "बसा, मगदूम सर." भरतेश आधी खुर्चीकडे पाहत उभाच राहिला. मग बसला.

"आपल्याकडं तासिकेवर सोळा जण आहेत. त्यांच्यासाठी एक कार्यशाळा घ्यायची आहे. त्यांच्यातल्याच एखाद्याला समन्वयक करावं म्हणतो."

"नको सर," भरतेश म्हणाला. "पत्र माझ्या नावानं काढा. मी वाढतो. सोळाही जण बसू देत. आणि तज्ज्ञ म्हणून मी एकांचं नाव सुचवतो."

संध्याकाळी त्याने विजयमाला मॅडमना फोन लावला. त्या तेव्हा शेवटचा तास संपवून एसटीची वाट बघत उभ्या होत्या. त्याने सगळं सांगितलं. 

"तज्ज्ञ म्हणून? मी?" त्या म्हणाल्या. "मग मस्टरला सही कुठं करायची?"

"तज्ज्ञांना मस्टर नसतं, मॅडम."

"मग मी आले हे कळणार कसं?"

"तुम्ही या तर खरं," भरतेश म्हणाला. "मी फाटकात उभा असेन."